मलप्रभेकाठी सात दिवस: पाठीवर तंबू नाही, मुक्काम गावात

नदीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या मार्गशीर्षात मी आणि माझा मावसभाऊ, असे दोघे बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीहून सौंदत्तीपर्यंत चालत गेलो. सात दिवस लागले. तंबू नेला नव्हता, स्टोव्ह नव्हता, झोपायची पिशवीही नव्हती. रोज संध्याकाळी जे गाव येईल तिथं कुणाच्या ओसरीवर, देवळात, मठात, नाहीतर लॉजवर पाठ टेकायची आणि सकाळी पुढं निघायचं. आपल्या भागातल्या भटकंतीवर खूप लिहिलं जातं, पण ते बहुतेक एका दिवसाच्या धबधब्याबद्दल किंवा तंबूच्या ट्रेकबद्दल असतं. म्हणून हा अनुभव सविस्तर मांडतोय.

तंबू का नाही, हे आधी सांगतो. खानापूर तालुक्याचा पश्चिमेकडचा सगळा पट्टा म्हणजे दाट रान. अस्वल आहे, गवा आहे. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही आणि ते बरोबरच आहे. शिवाय तंबू म्हटला की त्याच्या मागून अंथरूण, भांडी, शिधा असं सगळं येतं आणि पाठीवर बारा-चौदा किलो होतात. आमच्या पाठीवर प्रत्येकी पाच किलोच्या आत ओझं होतं. चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांना एवढंच झेपतं.

वाट नदीनंच ठरवून दिली. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि ३०४ किलोमीटर वाहून कुडलसंगमला कृष्णेला मिळते. याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन समुद्राला मिळते. एकाच पावसाचं पाणी, पण एक धार बंगालच्या उपसागराकडं आणि दुसरी अरबी समुद्राकडं. आम्ही पूर्वेच्या धारेसोबत निघालो. वाट काही सगळीकडं काठाकाठानं जात नाही. पुष्कळ ठिकाणी नदी दूर राहते आणि गावरस्ता धरावा लागतो.

आदल्या संध्याकाळी बसनं कणकुंबीत उतरलो. माऊली देवीच्या देवळाशी विचारलं, तर निजायला छप्पर मिळालं. पहाटे उगमाच्या कुंडाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि निघालो. पहिला दिवस जांबोटीचा. हा चोर्ल्याकडं जाणारा मोठा रस्ता आहे, गोव्याच्या गाड्यांची वर्दळ असते. जिथं जिथं आतून गाववाट मिळाली तिथं ती धरली, पण गावकऱ्यांना विचारूनच.

त्या रात्रीचं घर मी विसरणार नाही. जांबोटीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, कौलारू घर. आजीनं विचारलं, "कुठनं आलासा?" आम्ही सांगितलं. "चालत? आणि चालत जाणार?" मग क्षणभर थांबून, "पाय धुवा आधी." आम्ही राहायला जागा आहे का, हे अजून विचारलंच नव्हतं. परसात चुलीवर तांब्याच्या हंड्यात पाणी तापत होतं. त्यातलं दोन तांबे बादलीत ओतून त्यांनी पुढं केलं. ओसरी शेणानं सारवलेली होती आणि सारवणातले बोटांचे अर्धगोल कंदिलाच्या उजेडात दिसत होते. आधी गोणपाट, त्यावर घोंगडी, त्यावर जुन्या नऊवारीची गोधडी, असं त्यांनी दोघांसाठी घातलं. जेवायला नाचण्याची भाकरी, कुळथाची आमटी आणि भात. रात्री दव इतकं पडलं की कौलांच्या कडेवरून थेंब टपकत होते. पहाटे जाग आली ती त्याच आवाजानं.

सकाळी मी पाचशेची नोट पुढं केली. आजींनी हात मागं घेतला. मला वाटलं त्यांचा अपमान झाला, म्हणून मी ती परत खिशात घातली आणि नमस्कार करून निघालो. यावर कुणाला काही सांगायचं असेल तर जरूर सांगा, कारण माझ्या मनातून ती गोष्ट गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी हब्बनहट्टीचा मारुती. मूर्ती नदीच्या पात्रातच आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जाते. मार्गशीर्षात पाणी उतरलेलं होतं, खडकांवर बसून भाकरी खाल्ली. मुक्कामाला खानापूर. गावात लॉज आहे, त्यामुळे प्रश्न नव्हता. कपडे धुऊन वाळत घातले. तिसऱ्या दिवशी असोग्याला रामलिंगेश्वराचं दर्शन घेऊन पूर्वेची वाट धरली.

आणि इथून सगळं बदलत जातं. चालत गेल्याशिवाय ते कळत नाही, गाडीनं तासाभरात संपून जातं. पारिशवाड मागं पडेपर्यंत तांबडी माती काळी होते. भाताची खाचरं संपून जोंधळा आणि हरभरा सुरू होतो. कौलं जातात, माळवदाची घरं येतात. ताटातली नाचण्याची भाकरी जाऊन जोंधळ्याची येते. आणि बोलणंही हळूहळू कन्नड होत जातं. एका गावात घरधनीण आमच्याशी मराठीत बोलत होती, सुनेशी कन्नडमध्ये, आणि नातू दोन्हींमध्ये उत्तरं देत होता. सीमा म्हणतात ती नकाशावर एक रेघ असते. पायांना ती दोन दिवसांची लागते.

चौथ्या रात्रीचा प्रसंग सांगायला हवा. एम. के. (मुगुटखान) हुबळीला पोचायचं होतं. दुपारी एका लॉजला फोन केला, खोली आहे म्हणाले. अंधार पडताना पोचलो तर ती खोली लग्नाच्या वऱ्हाडाला दिलेली. पाय भरून आलेले, दुसरीकडं जागा नाही. पानपट्टीवाल्यानं मठाकडं बोट दाखवलं. मठात एक वयस्क गृहस्थ होते, कपाळावर विभूती. आमची मोडकी कन्नड ऐकून घेतली आणि म्हणाले, "बर्री, कुंद्रि." या, बसा. नाव विचारलं, गाव विचारलं, आणि थेट जेवायच्या पंगतीत बसवलं. सभागृहात जमखान्यावर झोपलो. सकाळी नदीतला गंगांबिकेचा ऐक्यमंडप पाहिला. बसवण्णांच्या पत्नीचं हे समाधिस्थान.

पुढं बैलहोंगल, तिथं कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी. मग सोगलचा सोमेश्वर आणि धबधबा करून मुनवळ्ळी, हा सगळ्यात लांबचा टप्पा. शेवटच्या दिवशी सौंदत्ती. पौर्णिमेची यात्रा जवळ आलेली. बैलगाड्या, भंडाऱ्यानं पिवळे झालेले कपाळ, कोल्हापूरकडची माणसं, "उदो गं आई उदो". जोगुळभावीला पाय धुतले आणि डोंगर चढून यल्लम्माच्या दारात उभे राहिलो. खाली नविलुतीर्थाच्या धरणात अडलेलं पाणी दिसत होतं. सात दिवसांपूर्वी ओंजळीत मावलेली नदी ती हीच.

एक मोठा इशारा. गाळपाचा हंगाम होता. उसाचे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावरून जातात आणि बाजूला उतरायला जागा नसते. उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. अंधार पडल्यावर अजिबात चालू नका.

---

कौलारू

तुमचं लिखाण वाचून डोळ्यांसमोर आमचं गावच आलं. मी जांबोटी भागातलीच. आमच्या घरीही असे लोक येऊन राहतात, म्हणून पैशाबद्दल मीच सांगते.

दादा, पैसे द्यायला हवे होते. आजींनी हात मागं घेतला, कारण पाहुण्याच्या हातून घ्यायची सवय नाही. पण त्या भातातला तांदूळ त्यांच्या शेतात पिकलेला असला तरी भरडून आणायला पैसे लागलेत. लाकूड रानातून डोक्यावरून आणावं लागतं. चार पाहुणे येऊन गेले की आठवड्याचं तेल संपतं, आणि हे घरातल्या बाईलाच कळतं, पुरुषाला नाही. म्हणून पैसे पुरुषाच्या हातात देऊ नका, बाईच्या हातात द्या. "खाल्ल्याचे" असं म्हणू नका. देवापाशी ठेवा आणि सांगा की हे देवाला. नाहीतर नातवाच्या हातात द्या, वह्या घे म्हणून. मग कुणी परत करत नाही.

दुसरं, सुगीत येऊ नका. दिवाळी झाली की आमच्याकडं भात कापणी, मळणी. घरात सगळे दिवसभर शेतात असतात. तेव्हा पाहुणा दारात आला की नाही म्हणवत नाही आणि करवतही नाही. तुम्ही उशिरा, मार्गशीर्षात गेलात ते बरं केलंत.

तिसरं, मनात साठलेलं आहे ते बोलते. दोन वर्षांपूर्वी शहरातला एक ग्रुप आला. पंधरा जण. आधी सांगितलं होतं सहा. रात्री दोनपर्यंत गाणी, सकाळी परसात प्लास्टिकच्या बाटल्या, आणि जाताना म्हणाले, "फार छान हॉस्पिटॅलिटी आहे तुमची." माझ्या सासूबाई दोन दिवस अंथरुणावर होत्या. तेव्हापासून आम्ही अनोळखी ग्रुपला नाही म्हणतो. दोघं, तिघं, फार तर चौघं आले तर घर त्यांना सामावून घेतं. पंधरा माणसांना घर पुरत नाही.

---

नदीकाठ

कौलारू ताई, मनापासून आभार. मी पुढच्या महिन्यात परत जांबोटीला जाणार आहे, चालायला नाही, त्या आजींकडं. तुम्ही सांगितलंत तसंच करीन. आधी तांदूळ-तेल घेऊन जायचा विचार होता, पण त्यांना काय लागतं हे त्यांना जास्त कळतं. देवापाशी ठेवणं हेच योग्य.

---

परिक्रमावासी

मी नर्मदा परिक्रमा चालत केली आहे, म्हणून थोडं लिहितो.

तिथं हीच रीत आहे, पण तिला शेकडो वर्षांची शिस्त आहे. आश्रमात आसन लावायचं, सदावर्त मिळालं तर शिजवून खायचं, तयार प्रसाद मिळाला तर तो घ्यायचा. किनाऱ्यावरचा माणूस "नर्मदे हर" ऐकलं की समजतो, हा कोण आहे, किती दिवस राहील, काय मागेल आणि काय मागणार नाही. जुन्या नियमानं परिक्रमा तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची. इतका काळ माणसं अनोळखी घरांच्या भरवशावर चालू शकली, कारण देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नियम दोघांनाही ठाऊक होते.

मलप्रभेकाठी तशी रूढ वाट नाही. तुम्ही गावात शिरता तेव्हा तुम्ही यात्रेकरू नसता, सर्वेक्षणवालेही नसता, नातेवाईकही नसता. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत आपण कोण हे स्वच्छ सांगणं फार महत्त्वाचं. "यल्लम्माला चालत निघालोय" हे वाक्य तुम्हाला जिथं तिथं उपयोगी पडलं असणार, कारण ते इथल्या माणसाला लगेच कळतं. पण हे खरं असेल तरच म्हणा. देवीच्या नावानं भाकरी मागायची आणि मग दर्शनाला जायचं नाही, हे बरोबर नाही.

आणखी एक. परिक्रमेत एका ठिकाणी एकच रात्र, आजारी असाल तर गोष्ट वेगळी. तोच नियम इथंही पाळावा.

---

दूरदेशी

मूळ बेळगावची, सध्या युरोपात. दोन वर्षांपूर्वी स्पेनमधली कामिनो दे सांतियागो चालले, फ्रान्सच्या सीमेवरच्या गावापासून सांतियागोपर्यंत साधारण ७८० किलोमीटर. तिथंही तंबू लागत नाही. दर काही किलोमीटरवर यात्रेकरूंसाठी साधी निवासं आहेत, त्यांना आल्बेर्गे म्हणतात. यात्रेकरूकडं एक घडीची पुस्तिका असते, प्रत्येक मुक्कामी त्यावर शिक्का घ्यायचा. ती दाखवली की जागा मिळते, आणि बहुतेक सार्वजनिक आल्बेर्गेंमध्ये एकच रात्र राहता येतं. परिक्रमावासी दादांनी सांगितलेला नियम तिकडंही आहे, हे वाचून बरं वाटलं.

पैशाच्या प्रश्नावर मला तिथली एक पद्धत फार आवडली. काही आल्बेर्गेंमध्ये ठराविक भाडं नसतं. दाराशी एक पेटी असते, ज्याला जे जमेल ते टाकावं. कुणी बघत नाही. टाकलेल्या पैशातून दुसऱ्या दिवशीच्या यात्रेकरूंचं जेवण होतं. आपल्याकडं देवळात दानपेटी असतेच. कणकुंबीपासून सौंदत्तीपर्यंत मुक्कामाला देवळं आणि मठच आहेत, म्हणजे ही पद्धत आपल्याकडं आयती तयार आहे. फक्त माणसं पेटीत दहाची नोट टाकतात. जिथं जेवून झोपलो तिथं लॉजवर जेवढे दिले असते तेवढे तरी टाकावेत.

नेपाळमध्ये अन्नपूर्णेच्या वाटेवर चहाघरांत राहिले होते, तिथं हा व्यवसाय आहे, दर ठरलेले आहेत. तेही सोपं आहे, कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. पण कामिनोवर जी ओळख होते ती तिथं झाली नाही.

---

चिरा

एवढं चांगलं लिहिलंय, पण माझं मत वेगळं आहे, ते मांडतो.

तुमच्या सात दिवसांपैकी निम्म्याहून जास्त चालणं डांबरावर झालं. उसाच्या ट्रॅक्टरमागं धूळ खात चालणं याला मी भटकंती म्हणणार नाही. आपल्या तालुक्यात भीमगड आहे, तळेवाडी आहे, कृष्णापूर आहे, म्हादईचं खोरं आहे. रानात राहायचं तर रानात राहावं. तंबू असला की मुक्काम आपल्या मर्जीनं करता येतो, कुणावर ओझं होत नाही. कौलारू ताईंनी लिहिलेलं वाचून उलट मला वाटलं की तंबूच बरा.

---

रानवाट

चिरा, तुमची रानाची ओढ समजते, मी हेमाडग्याजवळच वाढलो. पण हे मुद्दे लक्षात घ्या.

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि रात्र काढायची तर ती त्यांच्या परवानगीच्या ठिकाणीच. मनाला येईल तिथं तंबू ठोकणं हा गुन्हा आहे. बारापेड्याच्या गुहांमध्ये जे दुर्मीळ वटवाघूळ आहे ते जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय. रात्री त्या बाजूला उजेड, आवाज, धूर होऊ नये म्हणून इतकी काळजी घेतली जाते.

आता अस्वल. आमच्या भागातल्या माणसाला वाघाची भीती वाटत नाही तेवढी अस्वलाची वाटते. त्याला नीट दिसत नाही आणि खाण्यात दंग असलं की ऐकूही येत नाही. आपण अचानक समोर गेलो की ते घाबरून थेट तोंडावर येतं. आमच्या गावात चेहऱ्यावर तसे व्रण घेऊन फिरणारी माणसं आहेत. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला रानवाटेनं जायचं नाही. दिवसाही बोलत, काठी आपटत जायचं. आमचे वडील काठीला घुंगरू बांधायचे, मीही बांधतो.

मुक्काम गावात करण्याचा खरा फायदा इथंच आहे. ज्या घरी तुम्ही झोपता ते सकाळी सांगतात, "काल त्या ओढ्याजवळ दिसलंय, तिकडून जाऊ नका." तंबूत झोपलेल्याला हे कोण सांगणार?

---

चिरा

हे मान्य. परवानगीचं मला ठाऊक होतं, पण सकाळच्या त्या एका वाक्याचा विचार मी केला नव्हता. डांबराबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. पूर्वेकडचा भाग सोडून खानापूर, नंदगड, हलशी असा फाटा केला तर कसं? नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, १८३१ साली त्यांना तिथंच फाशी दिलं गेलं. हलशीत गोव्याच्या कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, एकमेकांसमोर दोन गाभारे. चार दिवसांत कणकुंबी ते हलशी होईल.

---

नदीकाठ

चिरा, हा फाटा उत्तम आहे. ज्याला सात दिवस काढता येत नाहीत त्यानं हाच करावा. डांबराचं म्हणाल तर खरं आहे, पाय तापतात. पण मला पूर्वेकडचा भाग सोडवला नसता. माझ्या लहानपणी घरात "तिकडची माणसं" असं बोलणं ऐकू यायचं. त्या "तिकडच्या" माणसांच्या पंगतीत दोन रात्री जेवून आल्यावर तो शब्द माझ्या तोंडात येत नाही.

---

माळवद

बैलहोंगल भागात शिक्षक आहे, घरची भाषा मराठी, शाळेची कन्नड. मठांबद्दल थोडं.

मठातल्या जेवणाला दासोह म्हणतात. ते दान नाही, सेवा आहे, म्हणून "फुकट जेवण" हा शब्द तिथं वापरू नका. आत जाताना चपला बाहेर, चामड्याचा पट्टा असेल तर तोही काढून ठेवलेला बरा. ताटात टाकायचं नाही. मांसाहार, दारू, तंबाखू मठाच्या आवारात अजिबात नको. जेवण झाल्यावर ताट उचलून धुवायला न्या, ते करायला कुणी सांगणार नाही, पण सगळे बघतात. स्वामीजी असतील तर सकाळी निघताना दर्शन घेऊन जा.

भाषेची भीती अनेकांना वाटते. तीन वाक्यं पाठ करा. "नमस्कार री, नावू नडकोंत होंटेवी", म्हणजे आम्ही चालत निघालोय. "इल्ले मलकोळ्ळाक जागा ऐतेन री?" इथं झोपायला जागा आहे का? आणि "नीर कोड्री", पाणी द्या. त्या "री"मध्ये सगळा आदर आहे, तो विसरू नका. उच्चार चुकले तरी माणूस हसून मदत करतो. मराठीतच जोरजोरात बोलत राहिलात तर मात्र समोरचा गप्प होतो. आपल्याकडं कुणी असं केलं तर आपणही गप्पच होतो.

---

औषधपेटी

वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून एक गोष्ट सांगणं कर्तव्य समजतो. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागात माकडताप आढळलेला आहे. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि डिसेंबर ते मे या काळात जास्त दिसतो, म्हणजे नेमका चालायच्या दिवसांत. पश्चिमेकडच्या टप्प्यात पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोज्यात खोचलेली विजार. पाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका आणि गावात कळवा. मुक्कामी पोचलात की गरम पाण्यानं अंघोळ करून काखा, जांघा, कानामागं तपासा. त्या आजींनी पुढं केलेलं पाणी या दृष्टीनंही मोलाचं होतं. परत आल्यावर पंधरवड्यात जोराचा ताप आणि डोकेदुखी झाली तर डॉक्टरांना आपण रानातून आलोय हे आधी सांगा.

---

एकटी

सगळा धागा दोनदा वाचला. मी आणि माझी मैत्रीण, दोघी तिशीतल्या. चिरा यांनी सांगितलेला चार दिवसांचा फाटा करायचं मनात आहे. आमचे प्रश्न थोडे वेगळे आहेत. अनोळखी घरी दोघी बायकांनी जागा कशी मागायची? आणि संडासाचं काय? हे कुणी लिहीत नाही, पण आमचं जायचं की नाही हे त्यावरच ठरतं.

---

कौलारू

बरं झालं विचारलंत.

गावात शिरल्यावर चहाच्या टपरीवर चौकशी करू नका. अंगणवाडी कुठं ते विचारा, नाहीतर आशाताईंचं घर. अंगणवाडीच्या बाईंना गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. कुठल्या घरात सासू-सून दोघी आहेत, कुठं पुरुष कामाला बाहेरगावी आहे, कुठं पिणारा आहे, कुणाकडं संडास आहे आणि कुणाचा नुसता सामान ठेवायला वापरतात, सगळं. त्या ज्या घरी नेतील तिथं निर्धास्त राहा. उजेड असताना, चारच्या आत पोचा, म्हणजे पहिलं घर जमलं नाही तर दुसरं बघायला वेळ मिळतो.

मासिक पाळी चालू असेल तर काही घरांत अजून बंधनं आहेत. देवळात मुक्काम असेल तरीही अडचण येते. खोटं बोलायला लागू नये म्हणून त्या दिवशी खानापूरच्या लॉजवर राहायचं, असा बेत आधीच करून ठेवा. मला हे पटतं म्हणून सांगत नाही, तुम्हाला ऐनवेळी त्रास होऊ नये म्हणून सांगते.

सोबत एक जुनी साडी किंवा मोठी ओढणी ठेवा. न्हाणीघराला दार नसतं पुष्कळ ठिकाणी, ती आडवी टाकता येते.

---

नदीकाठ

ताई, यातलं एकही मला सुचलं नसतं.

एकटी, तुमच्यासाठी सामानाचं: एक पातळ चादर, टॉवेल, कपड्यांचे दोन जोड, टॉर्च, काठी, आधार कार्ड (लॉजवर लागतंच), मीठ-साखरेच्या पुड्या, पाण्याच्या दोन बाटल्या. जेवणाचं काही नेऊ नका, फक्त शेंगदाणे आणि गूळ. पुढच्या मुक्कामी सकाळी एकदा आणि दुपारी परत एकदा फोन करा. माझी एम. के. हुबळीतली चूक हीच होती, एका फोनवर विसंबलो.

---

रानवाट

कणकुंबी ते जांबोटी टप्पा सकाळी आठनंतर सुरू करा. काठीला घुंगरू मी देतो, खानापुरात कुठंही पोचतं करता येईल.

---

एकटी

सगळ्यांचे आभार. पौष लागल्यावर निघतोय. कणकुंबीला माऊलीच्या देवळात विचारणार, दुसरा मुक्काम जांबोटीजवळ, तिसरा खानापूर, चौथा नंदगड, आणि हलशीहून बसनं परत. जांबोटीजवळच्या मुक्कामाचंच अजून ठरलेलं नाही.

---

कौलारू

तो ठरला समजा. तोवर आमची सुगी आटपलेली असते. दोघीच या, तिसरी कुणी वाढली तर आधी सांगा. आमच्याकडं संडास आहे, न्हाणीला दारही आहे. मुख्य रस्त्यावरून आत वळलात की रेंज जाते, म्हणून वळायच्या आधी फोन लावा. सासूबाई पाणी तापवून ठेवतील.